पंचेचाळीसवाली

१

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मला मीच दिसले.

हे काही कवितेतलं बोलत नाहीये, मी त्यातली बाई नाही. खरोखरच दिसले. स्लाइडवरच्या पेशीत गुणसूत्रं पसरली होती, जांभळ्या काड्यांसारखी दिसतात ती, आणि त्यांच्या मधोमध ती एक लांब काडी. दोन वेगळ्या काड्या एकमेकींना चिकटून झालेली. आमच्या अख्ख्या लॅबमध्ये अशी काडी एकाच माणसाच्या पेशीत आहे. माझ्या.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिसं, क्रोमियम, कॅडमियम असल्या जड धातूंच्या पुडी कारखाने आमच्याकडे तपासायला पाठवतात. आम्ही एका ठणठणीत माणसाचं रक्त घेतो, त्यातल्या पेशी उबेत वाढवतो आणि त्यांच्यात ती पूड कमी, मध्यम, जास्त अशी घालतो. मग पेशी स्लाइडवर पसरून बघायचं, गुणसूत्रं धड आहेत की मोडली. मोडली असतील तर ती पूड नाकातोंडात जाणाऱ्या माणसाच्या आतही तेच होत असण्याची भीती. ऐकायला सोपं वाटतं. बसून मोजायला लागा, म्हणजे मान काय म्हणते ते कळेल.

या खेपेला रंगाच्या कारखान्याची पिवळी पूड होती, शिसं आणि क्रोमियमची. आम्ही कणाकणावर लेप दिलाय, आता ही अगदी निरुपद्रवी आहे, असं त्यांचं म्हणणं. आमचा रिपोर्ट स्वच्छ गेला की ती पूड बंद खोलीऐवजी उघड्यावर दळायची परवानगी त्यांना मिळणार होती. दळणारी माणसं कारखान्याचे साहेब नसतात, हे वेगळं सांगायला नको.

साधारण माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं. माझ्यात पंचेचाळीस, कारण दोन जोडली गेलीत. काही हरवलेलं नाही, तब्येत उत्तम. आईबाबांपैकी एकाकडून आलेली ठेव आहे ती. फक्त पोटात मूल टिकत नव्हतं. तीनदा राहिलं, तीनदा गेलं. मग आम्ही नाद सोडला.

हे मला कळलं ते लॅबमधल्या पहिल्याच दिवशी. आमच्याकडे रीत आहे, नवीन माणसानं आधी स्वतःचं रक्त बघायचं. दुसऱ्याच्या पेशी मोजण्याआधी स्वतःच्या मोजा, असं आमचे सर म्हणतात. मग त्या पेशीचा फोटो बाहेरच्या भिंतीवर लागतो. माझी पेशी बघून सर माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. मी रडले, मग नाक पुसून कामाला लागले. तेव्हापासून मी पंचेचाळीसवाली. लाडानं म्हणतात, मला राग नाही. पण त्यामुळे माझं रक्त कधीच टेस्टला घेत नाहीत. रक्त असतं आमच्या ड्रायव्हरदादाचं. गडी निरोगी, विडीकाडी नाही.

मग ड्रायव्हरदादाच्या स्लाइडवर माझ्या पेशी काय करत होत्या? आणि त्याही इतक्या धडधाकट, की शंभर पेशी बघितल्या तरी एक काडी मोडलेली नाही.

मी सरांना हाक मारली. लपवायचं माझ्या मनातही आलं नाही. सर आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि स्लाइडऐवजी माझ्याकडे बघितलं.

"हे तू केलंस?"

२

कुठली स्लाइड पुडीची आणि कुठली बिनपुडीची, हे वाचणाऱ्याला आधी सांगत नाहीत. मन एका बाजूला झुकू नये म्हणून. त्याची चिठ्ठी सरांकडे बंद पाकिटात असते. सरांनी सगळ्यांना बोलावून पाकीट फोडलं. पंचेचाळीसवाल्या तीन स्लाइडी निघाल्या आणि त्या तिन्ही पुडीच्या. कमी, मध्यम, जास्त. बाकीच्या सगळ्या ड्रायव्हरदादाच्या, जशा असायला हव्या तशा. म्हणजे कोणीतरी पुडीच्या खऱ्या स्लाइडी उचलल्या आणि त्या जागी स्वच्छ पेशींच्या ठेवल्या. माझ्या पेशींच्या.

आम्ही लॅबमध्ये चौघंच. सर, मी, चष्मेबाई आणि खारू.

चष्मेबाई रक्त काढते, स्लाइडी रंगवते आणि माझ्यानंतर दुसऱ्यांदा वाचते. माझ्याहून लहान, कामाला चोख, आणि माझ्या खुर्चीकडे तिचा डोळा आहे असं मला कायम वाटत आलेलं. खारू म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी एका जागी ठरायचा नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. आई गेली तेव्हा हा शाळेतही जात नव्हता. याला न्हाऊमाखू घालण्यापासून नोकरीला लावण्यापर्यंत सगळं मी केलं. लॅबमध्येही मीच आणला. पेशी स्लाइडवर सोडायच्या त्या यानेच, इतका हलका हात दुसऱ्या कोणाचा नाही. भिंतीवर फोटो नाही तो फक्त याचा. पहिल्या दिवशी सुई बघून इतका पांढराफटक पडला की मीच सरांना म्हटलं, राहू द्या, लेकरू आहे. लेकरू तेव्हा चांगलं मिशीवालं होतं.

सरांनी माझ्याकडून कपाटाची किल्ली मागितली. मी म्हटलं, सर, मी चोर असते तर तुम्हाला हाक मारली असती का? ते म्हणाले, दुसऱ्यांदा वाचताना चष्मेबाईला ते दिसलंच असतं, हे तुला माहीत होतं. शनिवारी कारखान्याची माणसं येतील, तोवर तू बाहेरच्या खोलीत बस. त्यानंतर या नोकरीचं काय ते बघू.

या माणसानं मला काम शिकवलं, याच्या शब्दाखातर मी दोन चांगल्या नोकऱ्या नाकारल्या, आणि आता तो माझ्यापुढे तळहात पसरून किल्ली मागत होता. मी ती टेबलावर आपटली.

खारूकडे बघितलं तर तो भिंतीला टेकून खाली बसला होता. तोंडावर रंग नाही, कपाळावर घाम. माझ्यासाठी जीव तुटतोय बिचाऱ्याचा, असं वाटून मला तशातही भरून आलं.

३

बाहेरच्या खोलीत हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली मी नाही. माझ्या पेशी आल्या कुठून, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर सोपं होतं. आमच्या फ्रीजरमध्ये माझ्या पेशींची एक नळी कायम असते. शिकायला मुलं येतात, त्यांना दाखवायला सर तीच काढतात. त्यातले चार थेंब कोणी घेतले तर कळणारही नाही. आणि ड्रायव्हरदादाच्या रक्ताच्या नळ्या मोजून सरांच्या कुलपात, म्हणून चोराला दुसरं काहीतरी शोधणं भागच होतं. फ्रीजरला कुलूप नाही. रंगवलेल्या स्लाइडी जेवणाच्या सुट्टीत वाळत पडलेल्या असतात, तेव्हा अदलाबदल कोणीही करू शकतं.

आधी गाठलं चष्मेबाईला. हात धूत होती. मी सरळ विचारलं, माझी खुर्ची हवी होती तर मागायची होतीस, असा केसानं गळा कशाला कापलास? तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाटलं, आता भांडेल. ती हळूच म्हणाली, "मी सरांना काही बोलले नाही, ताई. बोलणारही नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या." आणि निघून गेली. कशाबद्दल बोलणार नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि रागाच्या भरात मीही विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, एवढंच म्हणून मी तिच्या नावावर खूण केली.

मग सर. याच कारखान्याची जुनी पूड काही वर्षांपूर्वी सरांनी पास केली होती. तेव्हाची पद्धत वेगळी होती, पण खाली सही त्यांची. आज ही नवी पूड नापास झाली तर लोक जुनीही उकरून काढणार. हे मी त्यांना तोंडावर ऐकवलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतील असं वाटलं होतं. ते नुसतेच थकल्यासारखे दिसले. म्हणाले, जुना रिपोर्ट चुकला असेल तर चुकला, तसं लिहून देईन. "पण तुझ्या पेशी पुढे करून मी स्वतःला वाचवीन, असं तुला वाटलं?"

तुम्हाला माझ्याबद्दल वाटलं, तसंच मलाही वाटलं, असं उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. दिलं नाही. घरी आले.

४

आम्ही खाली राहतो, खारू आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर. तिला दिवस गेलेत. अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण मला जिना चढताना तिचा हात कुठे जातो ते दिसतं.

संध्याकाळी खारू खाली आला. माझा नवरा बाहेर गेला होता. चहा केला, त्यानं घेतला नाही. म्हणाला, ताई, तू फार ताणू नकोस. सरांना सांग, सरावासाठी मी माझ्या पेशींच्या स्लाइडी केल्या होत्या, त्या चुकून यांच्यात मिसळल्या. चूक कोणाचीही होते. सर तुला काढणार नाहीत, फार तर काही दिवस बोलणार नाहीत. मी म्हटलं, अरे, पण मी केल्याच नाहीत. तो म्हणाला, ते मला माहितीये गं. पण मिटेल तरी.

माझ्या भल्यासाठीच सांगतोय, हे कळत होतं. तरी कुठेतरी टोचलं. माझं नाव आणि मीच पुसायचं?

मग तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. आणि ज्याबद्दल आजवर कधी एक शब्द काढला नव्हता, ते त्यानं विचारलं.

"ताई, तुझं ते तीनदा झालं... ते या जोडलेल्या काडीमुळेच ना? आणि ते दरवेळी तसंच होतं का?"

मी म्हटलं, नाही रे, दरवेळी नाही. काहींना अगदी छान मुलं होतात. माझं नशीब फुटकं. त्यानं मोठा श्वास सोडला. आज ताईवर आलंय तर तिची जुनी दुखणीही याला आठवली, असं समजून मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची आता मला चीड येते.

५

शनिवारी सकाळी बाहेरच्या खोलीत बसले होते. ड्रायव्हरदादा आत डोकावला. याची जीभ कुठल्याही प्रसंगी गप्प बसत नाही. म्हणाला, "ताई, मी ऐकलं, माझ्या रक्तातून तुम्ही निघालात. म्हणजे मी आतून बाई झालो की काय?"

मी हसले. मग हसू तोंडातच राहिलं.

मी किती मूर्ख. ती लांब काडी दिसली आणि मी पंचेचाळीस मोजून थांबले. सरही तिथेच थांबले. ती पेशी बाईची आहे की पुरुषाची, हे आम्हा दोघांपैकी एकानंही बघितलं नव्हतं. बघायचं कारणच नव्हतं. स्लाइड ड्रायव्हरदादाची, तेव्हा पुरुषाच्या खुणा असणारच, डोळा त्यांच्यावरून घसरून जातो. आणि माझी म्हटल्यावर तर तपासायचं काय उरलं?

धावत आत गेले. सर म्हणाले, तुला आत यायला मनाई केली होती. मी म्हटलं, मी हात लावत नाही, तुम्हीच बघा, पण आता लांब काडी सोडा आणि सगळ्यांत छोट्या मोजा. बाईच्या पेशीत त्या चार असतात. पुरुषाच्या पाच, कारण पाचवी वाय, जी बाईत नसतेच.

सर वाकले. ओठ हलत होते. दुसरी पेशी बघितली, तिसरी बघितली. मग दुसरी स्लाइड, मग तिसरी.

"पाच," ते म्हणाले. "सगळीकडे पाच."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे ती मी नव्हते. फ्रीजरमधली माझी नळी नव्हती, कोणी काही चोरलं नव्हतं. ते एका पुरुषाचं ताजं रक्त होतं. असा पुरुष, की ज्याच्यात तीच दोन गुणसूत्रं तशीच जोडलेली आहेत. ही गोष्ट रस्त्यावरच्या कोणा ऐऱ्यागैऱ्यात सापडत नाही. ती आईबापाकडून येते, आणि एका भावंडात आली तर दुसऱ्यातही असू शकते.

जीव भांड्यात पडला म्हटलं ना, तो लगेच बाहेरही आला. दारातून समोरची भिंत दिसते. सरांचा फोटो, चष्मेबाईचा, ड्रायव्हरदादाचा, माझा. आणि एक मोकळी जागा. आम्ही दोघंही तिकडेच बघत होतो.

स्वतःच्या पेशी त्यानं कधी बघितल्याच नव्हत्या. आपलं रक्त साधंच, ड्रायव्हरदादासारखंच दिसणार, असं तो धरून चालला. पहिल्या दिवसाची रीत त्यानं पाळली असती, तर ही चूक त्याच्या हातून झालीच नसती. आणि ती मीच पाळू दिली नव्हती.

सरांनी चष्मेबाईला बोलावलं. तिला फक्त एवढंच विचारलं, खारूचं रक्त तू काढलंस का? तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून सगळं सांगितलं. तो स्वतःहून बाही वर करून आला होता. घाबरून डोळे मिटून बसला, पण बसला. म्हणाला, ताईला सरावासाठी हवंय, सरांना कळू देऊ नकोस, तिला आवडायचं नाही. स्लाइडींचा गोंधळ बाहेर आला तेव्हा तिला वाटलं, हे दोघा बहीणभावांनी मिळून केलंय. म्हणून ती माझ्याखातर मूग गिळून गप्प राहिली.

म्हणजे माझंच नाव सांगून तो रक्त देऊन आला होता.

६

कारखान्याच्या माणसांना सरांनी दारातूनच परत पाठवलं. रिपोर्ट तयार नाही, टेस्ट पहिल्यापासून होईल आणि पेशी सोडायला मी स्वतः बसेन, असं सांगितलं. मग किल्ली माझ्या हातात दिली. काहीतरी म्हणायला गेले, त्यांना जमलं नाही. मीही मदत केली नाही. ते दुखणं आता राहीलच.

खारू स्लाइडी धूत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. ओरडायचं ठरवून गेले होते, आवाज निघाला तो अगदी साधा.

मी विचारलं, का? तो म्हणाला, कारखाना स्वतःची लॅब काढतोय, तिचा प्रमुख म्हणून त्याला घेणार होते. इथे तो जन्मभर ताईचा भाऊच राहणार. ताईनं आणला, ताईनं शिकवला, ताईनं सुईपासून वाचवला. एकदा तरी त्याला कोणाचा कोणी नसलेला माणूस व्हायचं होतं. खऱ्या स्लाइडींत काय होतं, असं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, मोडलेली होती सगळी. नुसते तुकडे, त्यावरूनच पुडीच्या कुठल्या ते ओळखलं. लेपाबिपानं काही होत नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. पूड काय करते हे डोळ्यांनी बघून, वर ती लोकांच्या छातीत जाऊ द्यायला तो तयार झाला होता. या पोराला मी घास भरवलेत.

पण मला विचारायचं होतं ते वेगळंच.

"त्या दिवशी सर म्हणाले, पंचेचाळीस. तेव्हाच तुला कळलं ना, की ते तुझंच आहे?"

"हो."

"आणि सरांनी माझी किल्ली घेतली, तेव्हा तू तिथेच बसला होतास."

भिंतीला टेकून खाली बसलेला खारू मला आठवला. तो घाम माझ्यासाठी नव्हता. घरी येऊन विचारलं तेही माझ्यासाठी नव्हतं. स्वतःच्या मुलाची काळजी वाटली म्हणून माझी तीन गेलेली मुलं त्यानं चाचपून बघितली, आणि त्याच बैठकीत मला सांगितलं, चूक स्वतःवर घे. रिपोर्ट बदलला ते एक वेळ समजेल मला. हे कधीच समजणार नाही.

तरी जे सांगायचं ते मी सांगितलं. बायकोला उद्याच डॉक्टरांकडे ने. त्यांना सगळं खरं सांग, काही लपवू नकोस. तुझ्यात आहे म्हणजे बाळाचं वाईटच होईल असं मुळीच नाही, पण त्यांना माहीत असलेलं बरं. तो मान हलवत राहिला. ताई, मला माफ कर, असं काहीसं पुटपुटला. मी ऐकलं नाही असं केलं.

मग मायक्रोस्कोपपाशी गेले. त्या तीन स्लाइडींतली एक लावली, छानशी पसरलेली पेशी शोधली आणि तिचा फोटो काढला. आमच्या भिंतीवर लावतात तसाच, तेवढ्याच आकाराचा. पण भिंतीवर लावला नाही. आणून त्याच्या ओल्या हातात दिला.

"पहिल्या दिवशी बघायचं राहिलं होतं," मी म्हटलं. "आता बघ आणि जा."

त्यानं फोटो उजेडात धरला. लांब काडीवर त्याचं बोट थांबलं. तो म्हणाला, "ताई, हे अगदी तुझ्यासारखं आहे."

"हो," मी म्हटलं. "तेवढंच राहिलंय आता."